उपनगराचा नकाशा जुळवताना
मुंबई उपनगराचा नकाशा कोऱ्या कागदावर काढता येत नाही. तो आधीच्या तीन-चार नकाशांवर बसवावा लागतो आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. महापालिकेची हद्द 1950 मध्ये अंधेरी-भांडुपकडे सरकली, 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. उपनगर जिल्हा वेगळा झाला तो 1990 मध्ये. त्याचे तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. म्हणून मुलुंड आणि घाटकोपर महसुली दप्तरात कुर्ला तालुक्यात सापडतात. पालिकेच्या लेखी मुलुंड म्हणजे टी विभाग, तर घाटकोपर एन विभागात. त्याखाली गावांचा जुना थर आहेच. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या मिळकत पत्रिकांवर आजही ‘मौजे मरोळ’, ‘मौजे कोंडिविटे’ असते. लोकसंख्या वॉर्डाची, जमीन मौजाची आणि पत्ता स्टेशनचा, असा हा कारभार. नकाशाकाराचा बराच वेळ साखळी-फीत बाहेर काढण्याआधीच खर्च होतो.

प्रत्यक्ष मोजणीची कसोटी लागते झोपडपट्टीत. आराखड्यावर अख्खी वस्ती एका रंगात रंगवून मोकळे होता येते, पण घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या टेकडीवर त्या रंगाखाली बोळ, जिने, नळ, दुकाने, सार्वजनिक शौचालये असतात. अरुंद बोळात उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो. तिथे टोटल स्टेशन हे कोन-अंतर मोजणारे यंत्र, नाहीतर साधी फीतच भरवशाची. एकाच पायावर खाली-वर दोन बिऱ्हाडे असतात, ती वरून काढलेल्या छायाचित्रात एकच दिसतात. शिवाय झोपडी कुठे आहे एवढ्याने भागत नाही, कधीपासून आहे तेही लागते: मोफत पुनर्वसनाची पात्रता 1 जानेवारी 2000 या तारखेवर ठरते.

वाहतुकीच्या नकाशात सरळ अंतर फसवे. बोरिवली आणि मुलुंड यांत हवाई अंतर जेमतेम 12 किलोमीटर, पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. लोकलने जायचे तर दादर गाठून परत फिरावे लागते. अंधेरी-घाटकोपरचीही तीच गत होती. बसची 340 क्रमांकाची सोय होती, पण रस्त्याच्या मर्जीवर. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि 11.4 किलोमीटरच्या या मार्गाने पश्चिम व मध्य रेल्वे उपनगरातच जोडल्या. तरीही फक्त रूळ आणि रस्ते रेखाटणारा नकाशा अर्धाच. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) 2008 च्या वाहतूक अभ्यासात महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या केवळ पायी होत असल्याचे दिसले. पादचारी पूल कुठे उतरतो, यावर स्टेशनचा खरा परिसर ठरतो.

उरते उंची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पालिकेच्या पर्जन्यवाहिन्यांच्या पातळ्या टाऊन हॉल डेटम या वेगळ्या संदर्भ पातळीवरून मोजलेल्या, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सरासरी समुद्रसपाटीवरून. दोन्ही आकडे न बदलता एकत्र केले, तर नाल्याचा उतार कागदावरच उलटा होतो. नाल्यांना उतार मुळातच कमी, भरतीला पाणी बाहेर पडत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा अशा सखल जागा शहराला कळल्या.

उंचीकडे दुर्लक्ष झाल्याचे ताजे उदाहरण म्हणजे अंधेरीचा गोखले पूल. रेल्वेच्या नव्या निकषांमुळे तो अधिक उंच बांधला गेला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एक बाजू खुली झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याचा मेळ बसेना. आडव्या आराखड्यात मात्र दोन्ही रेषा व्यवस्थित भेटत होत्या. पुढे व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचे टोक जॅक लावून मीटरभराहून अधिक उचलावे लागले, आणि जुलै 2024 मध्ये दोन्ही पूल जोडले गेले.