भुईकाट्याची पावती

माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या आडतींवरचे, किराणा दुकानांतले, रेशनचे काटे माझ्या हाताखालून जातात. मोटारींच्या रॅलीत तांत्रिक तपासणी करणाऱ्या एका मित्राने एका वर्षी हाक मारली, ‘‘शेवटी गाड्या तोलायच्यात, मदतीला ये.’’ म्हणून मी गेलो.

रॅली संपली की पहिल्या काही गाड्या कुलूपबंद आवारात लावतात. तिथे गाडीला तिच्या मेकॅनिकनेही हात लावायचा नाही. मग एकेक गाडी तपासणीला आत घ्यायची. वजनाचा नियम मित्राने मला आदल्या रात्री समजावून सांगितला होता. चालक आणि नॅव्हिगेटर गाडीबाहेर, त्यांची हेल्मेटंही बाहेर, स्टेपनी जास्तीत जास्त एक. शंका आली तर टाकीतलं पेट्रोल काढून तोलायचं. आणि रॅली चालू असताना कोणत्याही क्षणी गाडी किमान वजनाच्या खाली जाता कामा नये. कमी भरत असेल तर वजनाचे ठोकळे आधीच बसवता येतात, पण ते गाडीच्या आत, फरशीवर, पान्याने घट्ट आवळलेले, सहज दिसतील आणि सील लावता येईल असे हवेत. मला हा नियम ऐकताक्षणीच पटला. आमच्या धंद्यातही मापाला सील नसेल तर ते माप नव्हे.

आपल्या गटात चार सेकंदांनी जिंकलेली गाडी एका पंचविशीतल्या मुलाची होती. गाडी त्याच्या थोरल्या भावाने घरच्या गॅरेजमध्ये उभी केलेली. चार चाकांखाली काट्याचे चार पाट, चारांची बेरीज आकड्यांच्या डब्यावर. किमान वजन 900 किलो, डब्यावर आले 894. आमच्यातलाच कोणी तरी बाहेर जाऊन बोलून गेला, ‘‘सहा किलो कमी.’’ पाच मिनिटांत ते आवारभर झालं. ही चूक आमची होती, आणि मला ती आजही डाचते. आकडा पक्का झालेला नव्हता.

मुलगा धावत आला. हातात भुईकाट्याची पावती. ‘‘काका, हे बघा, कालच तोलून आणलीये. 900 बरोबर!’’ त्याचा भाऊ फरशीकडे बोट दाखवत होता : जमिनीला उतार आहे, म्हणून वजन कमी येतंय.

पावती मी निरखून पाहिली. खोटी नव्हती. पण ट्रक तोलायचा भुईकाटा होता तो, पन्नास टनी. त्याचा टप्पा 10 किलोचा. म्हणजे 896 किलोची गाडी असो की 904 किलोची, तो काटा 900 च सांगणार. पोरांनी रांग लावून, पैसे भरून, प्रामाणिकपणे तोलून आणलं होतं; नेमकं तेच माप त्यांच्या कामाचं नव्हतं. उताराचंही तसंच. थोड्या उताराने पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार बदलतो, बेरीज जवळपास तीच राहते. हे मी भावाला सांगितलं, पण त्या घडीला माझ्या शब्दावर त्याने विश्वास का ठेवावा?

मी मित्राला म्हटलं, आधी काटा तपासू, तोही यांच्यासमोर. मग पाहिलं तर हँडब्रेक ओढलेला आणि गाडी गिअरमध्ये. तशाने चाकं पाटावर आडवी ताणली जातात आणि आकडा फसवा येतो. हे मी आधीच पाहायला हवं होतं. ओळखीच्या आडतीतून वीस-वीस किलोची ओतीव लोखंडी वजनं मागवली, बुडाशी शिशावर वजनमापे खात्याचा शिक्का असलेली. गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला, दोनदा पुढे-मागे ढकलून परत पाटांवर घेतली. आकडा आला 896.5. मग मुलालाच सांगितलं, ‘‘एक वजन सीटवर ठेव.’’ त्याने ठेवलं. 916.5. दुसरं ठेवलं. 936.5. तिसरं ठेवताना त्याचा हात थांबला. त्याला कळलं होतं. वजनं उतरवून सरळ आवाजात तो म्हणाला, ‘‘काटा खरा आहे.’’

साडेतीन किलो. रॅलीत साडेतीन किलोने चार सेकंद मिळतात का, ते मला सांगता येणार नाही. भावाने ठरलेल्या वेळेत, शुल्क भरून लेखी हरकत नोंदवली. तो त्याचा हक्क होता. स्टुअर्डांनी, म्हणजे रॅलीच्या पंचांनी, दोन्ही बाजू ऐकल्या आणि गाडी निकालातून काढली.

या प्रसंगानंतर मी या खेळातली जुनी प्रकरणं शोधून वाचू लागलो. 2002 च्या अर्जेंटिना रॅलीत रिचर्ड बर्न्सची प्युजो बाद झाली ती तिचं फ्लायव्हील हलकं भरलं म्हणून. पहिला आलेला मार्कस ग्रॉनहोम वेगळ्या कारणाने बाद, आणि विजय कार्लोस साइन्झकडे गेला. उलट 2020 साली सार्डिनियात दानी सोर्दोच्या ह्युंदाईच्या मागच्या सबफ्रेमचं वजन काही ग्रॅमनी कमी निघालं, तेव्हा संघाला 30,000 युरो दंड झाला पण विजय कायम राहिला. दोन्हीकडे माप कमीच होतं. मला विचाराल तर फरक पडतो तो कारण उघडपणे, कागदावर सांगितलं जातं की नाही यावर. आमच्या त्या आवारात पाच मिनिटं तरी ते सांगितलं गेलं नाही, आणि तेवढ्यात एका पोराला लोकांनी चोर ठरवलं.

रात्री वजनं आडतीत परत पोचवायला मुलगा स्वतः माझ्या टेम्पोत बसला. वाटेत एकदाच बोलला, ‘‘काका, रॅलीच्या आधी हे पाट आम्हाला का मिळत नाहीत?’’

मी ते पुढच्या वेळी आयोजकांकडे लावून धरलं. आता शुभारंभाच्या आदल्या संध्याकाळी पाट मांडून ठेवतो. ज्याला तोलायचं त्याने तोलावं, पैसे नाहीत. वजनंही शेजारीच असतात. पहिल्या वर्षी रांगेत पहिली गाडी या दोघा भावांची होती. हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रल, टाकी रिकामी. डब्यावर 899.5 आले. थोरला काही बोलला नाही. डिकीतून लोखंडी पट्टी काढली, फरशीवर धरली आणि धाकट्याने पाना हातात घेतला.