वाघ्याची काही चूक नव्हती

नवरात्रात त्वरितादेवीचं दर्शन घ्यायचंच, असा आजीचा हट्ट. म्हणून शनिवारी पहाटे तिला घेऊन तलवाड्याला पोचलो. घर दोन महिने बंद होतं, वाघ्या मामाच्या शेतावर. कुलूप उघडून आत गेलो आणि पाच मिनिटांत पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके. ठिपके उड्या मारत होते!

"त्या कुत्र्याच्याच पिसवा. दे सोडून त्याला गेवराईच्या रोडला," इति मामा.

आजीला काळजी वेगळीच. १९९४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मेले, पिसवा वाढल्या आणि मग माणसांना प्लेगच्या गाठी आल्या. ते दिवस तिने पाहिलेत. उंदीर मेला की त्याच्या पिसवा नवं अंग शोधतात. म्हणून आधी कोठीमागे, माळ्यावर, सगळीकडे पाहिलं. मेलेला उंदीर एकही नाही. हुश्श.

आता डीबगिंग. दोन महिने कुत्रा नाही, तर पिसवा जगल्या कशा? पिसू कुत्र्यावर जेवते, पण तिची अंडी गुळगुळीत, खाली घरंगळतात. अळ्या अंधारात, फटींत वाढतात. मग कोश. कोशातली पिसू खायला न मिळता काही महिने थांबू शकते. जमीन हादरली, ऊब लागली, कोणाचा श्वास जाणवला की बाहेर! म्हणजे आम्ही दार उघडलं आणि त्यांना उठवलं. अंगावर दिसतात त्या जेमतेम पाच टक्के, बाकी सगळा संसार घरात.

मग काय, वाघ्याचं जुनं पोतं जाळलं. गोधड्या उकळत्या पाण्यात. फरशीच्या फटी, उंबरा, कोठीखालची माती झाडून पिशवीत घट्ट बांधली. गुरांच्या डॉक्टरांनी वाघ्याच्या वजनाप्रमाणे मानेवर टाकायचं औषध दिलं, महिन्याने पुन्हा. उरलेलं मामा मांजरीला लावायला निघाला होता, त्याला अक्षरशः धरून थांबवलं. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, मांजर मरतं त्याने.

काल मामाचा फोन. "अजून आठ-दहा निघाल्याच की! औषध खोटं आहे का?"

म्हटलं, औषध कोशापर्यंत पोचत नाही. अजून दोन-तीन आठवडे निघतील. रोज घरभर चालत जा, झाडत राहा.

"आणि कुत्रं?"

मागून आजीचा आवाज आला, "ओसरीवर बसलंय. भाकरी खातंय."

मामा काही बोलला नाही.