वाढलेली बांगडी

आमच्या गल्लीत श्रावणाच्या तोंडावर कासार यायचा. आई ओटीवर बसून हात पुढे करायची. तिचा हात आपल्या हातात घेऊन, अंगठ्याखालचा भाग दाबत, तो एकेक हिरवी बांगडी मनगटाकडे सरकवायचा. मध्येच एखादी कड्‌कन आवाज करायची. "वाढली, वहिनी," म्हणत तो तुकडे बाजूला ठेवायचा आणि दुसरी उचलायचा. मी ते तुकडे निरखत बसायची. वाढली म्हणजे मोठी झाली, मग ही तर दोन तुकड्यांत पडलीय!

मराठीत आपण नारळ वाढवतो, वाणी रात्री दुकान वाढवतो. देवापुढचा दिवा विझत नाही, शांत होतो. शाळेला निघताना तोंडातून 'जाते' निघालं की आजी दारातून परत बोलवायची. "येते म्हण." ते म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायची सोय नव्हती.

यामागे अशुभाची धास्ती आहे, हे खरंच. पण मला त्यात धास्तीपेक्षा माया जास्त ऐकू येते. 'फुटली' म्हणताना आपण बांगडीकडे बघत असतो, 'वाढली' म्हणताना ती ल्यायलेल्या बाईकडे. कासाराला काच फुटल्याचं दिसत नव्हतं थोडंच? त्याला आईच्या मनात काही टोचू द्यायचं नव्हतं. आणि त्यासाठी भाषेनं शब्द निवडला तो कुठला, तर ताटात भात पडताना वापरतो तो. वाढणं. मोडण्याला नाव द्यायचं, तर भरवण्याचं द्यायचं. ज्यांनी कुणी हे पहिल्यांदा केलं, त्यांच्याविषयी मला फार कृतज्ञता वाटते.

म्हणूनच पुढची गोष्ट मला सलते. नवरा गेला की बाईच्या बांगड्या कुणी 'वाढवत' नाही. त्या फोडतात. कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात. काच तीच, मनगट तेच. साधा तडा गेला तरी जी भाषा तिला जपत होती, ती तिच्या सगळ्यात वाईट दिवशी हात आखडता घेते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्या बातम्या वाचताना मी या क्रियापदांवरच अडखळत होते. फोडणं, पुसणं, तोडणं. पुढच्या वर्षी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं असा प्रस्ताव मंत्रालयातून आला आणि त्यावर टीकेची झोड उठली. नाव पवित्र होतं, पण बाईला वेगळ्या रांगेत उभं करणारंच होतं. कासाराच्या शब्दामागे त्यानं धरलेला हात होता. इथे तो नव्हता.

बाबा गेले त्या दुपारी घरात माणसं दाटली होती. एक लांबची नातेवाईक बाई आईजवळ सरकून म्हणाली, "आता बांगड्या फोडायला हव्यात." आत्या उठली. बाबांची थोरली बहीण, स्वतः तीस वर्षं मोकळ्या हातांनी वावरलेली. "काही फोडायचं नाही," एवढंच बोलली आणि आईला धरून मोरीत घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. आईलाच त्या हातात नको झाल्या होत्या. आत्यानं तिच्या हातांना साबण लावला आणि कासारासारखाच अंगठ्याखालचा भाग दाबत एकेक बांगडी उतरवू लागली. उतरलेली प्रत्येक बांगडी ती माझ्या ओंजळीत ठेवत होती, ओली, फेसाळ, आईच्या हाताची ऊब असलेली.

शेवटून दुसरी हाडाशी अडली आणि कड्‌कन आवाज झाला. आम्ही तिघीही थांबलो.

"वाढली गं," आई म्हणाली. सवयीनं. आणि मग सकाळपासून पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.