मिरीचे वैभव आणि बुचाचे झाड

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या तोंडी दोन शब्द हमखास असतात : पगार आणि लिलाव. पहिला सुखाचा, दुसरा कर्ज थकल्यावरचा. हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. चावी, बादली, कोबी आणि बटाटा हेही तिकडचेच. त्यामुळे आम्ही उभयता जूनमध्ये पोर्तुगालला गेलो, तेव्हा त्या परक्या देशातही काही पाट्या ओळखीच्या वाटल्या.

राजधानी लिस्बन हे तेजो नदीच्या मुखाशी, टेकड्यांवर वसलेले शहर. चढउतार पुष्कळ, गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी तेथील जुन्या पिवळ्या ट्रामचा आधार घ्यावा. बेलें भागातील जेरोनिमुश मठाचे बांधकाम १५०१ मध्ये सुरू झाले. वास्को द गामाची कबर येथेच आहे. दगडात कोरलेले जहाजांचे दोरखंड पाहून डोळे सुखावतात. या बांधकामाचा मोठा खर्च पूर्वेकडील मसाल्यांच्या व्यापारावरील करातून भागला. त्याच शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांना पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय समुद्रात जहाज नेता येत नसे. परवाना नसला तर जहाज आणि माल जप्त होई. व्यापारी घराण्यातील माणसाला त्या कोरीव कामात न विचारता घेतलेला वाटाही दिसतो.

ते वैभव टिकले नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांनी शहर उद्ध्वस्त केले. पूर्वेच्या व्यापाराची सरकारी कचेरी ‘कासा दा इंदिया’ही त्यातच गेली. पुढे मार्किश द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने बायशा हा बाजारभाग सरळ रस्ते आखून, भिंतींत लाकडी सांगाडे घालून पुन्हा उभारला. तेथील रस्त्यांना आजही सोने, चांदी, कापडविक्रेते यांची नावे आहेत. सराफकट्टा आणि कापडगल्ली यांत वाढलेल्यांना तेथे करमते.

आता आहाराविषयी, कारण आपल्या घरांत पहिला प्रश्न तोच असतो. तेथील प्रसिद्ध ‘पाश्तेल द नाता’ या मिठाईत अंड्याचा बलक असतो. ‘काल्दु व्हेर्द’ हे हिरवे सूप पालेभाजीचे दिसते. परंतु त्यात बटाटा आणि बहुधा मांसाचे तुकडे असतात. पाव, ऑलिव्ह, बदाम, अंजीर आणि संत्री मात्र मुबलक. उपाहारगृहात न मागता पाव-ऑलिव्ह मांडले जातात. खाल्ल्यास ते बिलात येतात, नको असल्यास लगेच परत करावेत. चौविहार पाळणाऱ्यांना जून सोयीचा, कारण सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो. स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी आणि डाळ-तांदूळ सोबत न्यावेत.

दक्षिणेचा अल्गार्व किनारा लख्ख उन्हाचा. लागुशजवळचे पिवळसर-तांबूस कडे अप्रतिम. पाणी मात्र अटलांटिकचे, उन्हाळ्यातही गार. तिकडे जाताना आलेंतेजू प्रांतात बुचाच्या ओकची राने लागतात. आपल्याकडील पांढऱ्या फुलांचा बूच वेगळा. जगातील सुमारे निम्मे बूच या एका देशातून येते. झाड न तोडता कुऱ्हाडीने केवळ साल सोडवली जाते, आणि खोडावर वर्षाचा शेवटचा आकडा रंगवला जातो. खोडावर ४ असेल तर साल २०२४ मध्ये काढली. पुढची २०३३ पूर्वी नाही, कारण दोन काढण्यांत किमान ९ वर्षांचे अंतर ठेवावेच लागते.

पहिली साल झाड सुमारे २५ वर्षांचे झाल्यावर निघते आणि बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या खेपेस, म्हणजे चाळिशीनंतर. लावणाऱ्याच्या हयातीत फारसे हाती न येणारे हे उत्पन्न. कर्जाची प्रकरणे तपासताना एवढी मुदत मी कधी पाहिली नाही. तरीही त्या रानांत नवी रोपे लावलेली दिसतात.

आज आपल्या पेढ्यांवर नवी पिढी विचारते की, भांडवल तीन वर्षांत दुप्पट होत नसेल तर हा व्यवसाय चालवायचा कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक घराने आपापले शोधायचे आहे. मात्र सहल ठरवताना मुला-नातवंडांना सोबत न्यावे. मिरीच्या पैशाचा मठ त्यांना दाखवावा. आणि बुचाच्या रानात थोडे थांबून खोडावरचा आकडा त्यांनाच वाचू द्यावा.