सासष्टीतलं सोरपोतेल

मैत्रिणींनो, गोव्याला गेलात म्हणजे देवळं नि समुद्र पाहालच. पण जमलं तर सासष्टीतल्या एखाद्या ख्रिस्ती घरचं स्वयंपाकघरही पाहा. नाताळात आम्ही मडगावजवळ ह्यांच्या मित्राकडे उतरलो होतो. त्यांच्या आई डुकराचं काळीज, हृदय, गुर्दे, जीभ उकडून हरभऱ्याएवढे तुकडे करत बसल्या होत्या. खाटकाकडे आपण जे बाजूला सारायला सांगतो, तेच इथे मेजवानीचं मानाचं पान! पोर्तुगीजांबरोबर आलेलं हे सोरपोतेल. तुकडे चरबीतच परतायचे. लाल मिरच्या, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, आलं-लसूण माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून घालायचं. काही घरी रक्तही घालतात. लगेच वाढत नाहीत बरं का! रोज उकळी देत दोन-तीन दिवस मुरवतात, अगदी लोणच्यासारखं.

जेवताना माझी धाकटी म्हणाली, "शी!" आईंचा वाढता हात थांबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण तो शब्द पोरीने माझ्याकडूनच उचललेला. मी मुकाट्याने ताट पुढे केलं. इडलीसारख्या मऊ सान्नांबरोबर पहिला घास घेतला. आंबट, तिखट, मागून काळजाचा किंचित कडवटपणा. दुसरा घास मात्र आवडीने घेतला.

"जीव घेतला ना, मग त्यातलं काही फुकट जाऊ द्यायचं नाही," आई म्हणाल्या.

खाणं-न खाणं ज्याच्या त्याच्या मर्जीचं. पण दुसऱ्याच्या ताटाला "शी" म्हणू नये, हे मी आता लेकीला शिकवते आहे, आणि स्वतःलाही.