आधी मोजणी, मग भिंत

अंबड, जि. जालना

चि. सागर यास,


तुझ्या जालन्याच्या घराचा स्लॅब टाकल्याचं ताईनं फोनवर सांगितलं, फार बरं वाटलं. पण वॉल कंपाउंडही लगेच धरणार आणि गुत्तेदार सात फूट भिंत उचलू म्हणतोय, हे ऐकून राहवेना.

त्याला थांबव. डिसेंबर 2020 पासून एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. जालन्याची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली, तरी नियम तेच. समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून पुढची भिंत दीड मीटर, म्हणजे पाच फूट. 2.4 मीटरपर्यंत जाता येतं, पण मग वरचे 0.9 मीटर जाळीचे किंवा ग्रिलचे हवेत. सात फूट सलग विटा त्यात बसत नाहीत. गेटही आतल्या बाजूला उघडणारं घे.

तुझा प्लॉट कोपऱ्याचा, म्हणून आणखी एक. वळणापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर पक्की भिंत फक्त 0.75 मीटर, अडीच फूट. त्यावर तेवढीच उंची रेलिंगनं वाढवता येते. तुला ही जागा वाया गेल्यासारखी वाटेल. पण संध्याकाळी शिकवणीहून सायकलवर येणारी पोरगी आणि आडव्या गल्लीतून येणारा टेम्पो यांना एकमेकं दिसतात ती त्या उघड्या भागातूनच. तिथं बोगनवेलही दाट वाढू देऊ नकोस.

उंचीचं एवढं पुरे. मला खरी काळजी हद्दीची आहे. आपल्या अंबडच्या घराची भिंत आबांनी शेजाऱ्याच्या ओट्यापासून दोरी लावून आखली होती. आठ वर्षांनी शेजाऱ्यानं मोजणी आणली, तर आपण दीड फूट त्यांच्या जागेत. भिंत पाडली, पुन्हा बांधली, तो खर्च विसरलो. पण तुझ्या आजीचं त्या घरी हळदीकुंकवाला जाणं थांबलं ते थांबलंच. शेवटपर्यंत तिला ते लागून राहिलं.

म्हणून भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज कर, पैसे भर. मोजणीआधी लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते, त्यांच्यासमोर खुणा दाखवतात, मग नकाशाची 'क' प्रत मिळते. ती हातात आल्याशिवाय पाया खोदू नकोस. पाया रुंद असतो, तोही आपल्याच हद्दीत राहू दे. मिस्त्रीनं खुणेचा दगड आडवा येतो म्हणून उपटला तर ऐकून घेऊ नकोस. जमीन महसूल संहितेत त्याला दंड आहे. भिंत घराच्या मंजूर नकाशात दाखवली आहे का, तेही इंजिनिअरला विचार.

आणि नोटीस शेजारी पोचायच्या आधी तू स्वतः त्यांच्याकडे जा. चहा घे, मोजणीची तारीख तुझ्या तोंडून सांग.

तुझा,
मामा