रजेवरील राजीनामा

मनुष्य खुर्चीवर बसलेला असतो तोवर त्या खुर्चीचे आणि आपले नाते काय, हा विचार त्याला क्वचितच सुचतो; हजेरीपत्रकावरील सही, वरिष्ठांची मर्जी आणि एक तारखेचा पगार यांच्या चक्रात वर्षे उलटत राहतात, आणि आपण ही चाकरी स्वखुशीने पत्करली आहे की केवळ ती सोडण्याचा विचार करावयास फुरसत नाही म्हणून ती चालू आहे, हा प्रश्न दप्तर बांधून गावी गेल्यावर, एखाद्या निवांत दुपारी, प्रथम समोर उभा राहतो. म्हणूनच रजेवर असताना पाठविलेल्या राजीनाम्यास कृतघ्नता म्हणणे मला अन्यायाचे वाटते. संतापाच्या भरात साहेबांपुढे टाकलेल्या कागदापेक्षा त्यात विवेक अधिक असतो.

अरविंद घोष १८९३ साली विलायतेहून परतून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, महसुली दप्तरांतून कॉलेजात आले आणि तेथे उपप्राचार्यपदापर्यंत चढले. वंगभंगाने देश पेटलेला असता, १९०६ साली, त्यांनी वर्षभराची रजा मागून कलकत्ता गाठले, आणि ती रजा बिनपगारी होती. या एका तपशिलापुढे माझे मस्तक नम्र होते. नव्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी दरमहा दीडशे रुपयांवर स्वीकारले, जे बडोद्याच्या वेतनाच्या मानाने फारच अल्प होते. परंतु ज्या दरबाराचे काम आपल्या हातून होत नाही त्याच्या खजिन्यातील पैसाही त्यांनी घेतला नाही. पुढे सुरतेच्या काँग्रेसनंतर ते बडोद्यास आले, ते विष्णु भास्कर लेले यांच्याजवळ योगसाधनेसाठी. संस्थानच्या नोकरीत ते पुन्हा शिरले नाहीत.

अर्जित रजा ही कष्टाची कमाई आहे, तिचा पगार घेण्यात गैर काही नाही, हे मी निःसंकोच मान्य करतो. गैर आहे ते मनाचा निश्चय झाल्यावरही परतण्याची आशा दाखवून मुदतवाढीचे अर्ज धाडीत राहणे. कारण त्या काळात आपल्या जागी नेमलेला हंगामी इसम ना कायम होतो, ना मोकळा, आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी दोघांचे काम एकट्याने ओढीत असतो. त्याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

तेव्हा ज्याचे मन ठरले असेल त्याने रजेचे उरलेले दिवस मोजीत बसू नये. राजीनामा त्याच दिवशी लिहावा, आणि कार्यभार रीतसर सोपविण्यासाठी एकवार कचेरीत जाऊन यावे.